मुलांच्या चाच्यांना दस्तक कशाला?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात दर शनिवारी रात्री गच्चीवर मुलांसाठी सिनेमा लावतात. पांढरी चादर, कुणाचा तरी प्रोजेक्टर, सतरंज्या आणि घरोघरून आलेला चिवडा. यंदा एका शनिवारी समुद्री चाच्यांचा, हिंदीत डब केलेला सिनेमा लागला. शापित बेट, बोलकं जहाज, खजिन्याचा नकाशा आणि भटारखान्यात लपून जहाजावर पोचलेली दहा वर्षांची मुलगी, असा सगळा मालमसाला. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण भांडण त्या एका सिनेमाचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या चिरंजीवांनी शेजाऱ्यांच्या फ्रिजमधलं आइस्क्रीम ‘लुटलं’ आणि पकडल्यावर ‘आम्ही चाचे आहोत’ असं कमरेवर हात ठेवून सांगितलं. ठिणगी पडायला तेवढं पुरलं. दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभराच्या वर मेसेज पडले आणि पुढच्या शनिवारचा सिनेमा रद्द झाला.

विरोधातला सूर असा होता: लुटारूंना नायक करून दाखवलं की मुलं तेच उचलणार, हे सगळं परकं, आपल्या मुलांना कशाला, आणि समुद्रच दाखवायचा तर कान्होजी आंग्रे दाखवा की. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं. ‘अहो, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घेता?’ मला विचाराल तर हा दुसरा सूर जास्त वाईट. विरोध करणाऱ्यांना निदान एवढं कळलंय की गोष्टीत ताकद असते, ती ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी हलवते. टाइमपासवाल्यांच्या लेखी मुलाने दोन तास डोळे विस्फारून पाहिलेली गोष्ट आणि वेफर्सची पुडी यांत फरक नाही. सिनेमा वाचवायला निघालेल्यांनीच त्याला आधी कवडीमोल करून टाकलं.

माझं मत सरळ आहे. चाच्यांचे सिनेमे मुलांनी जरूर पाहावेत, आणि ते निरुपद्रवी असतात म्हणून नव्हे. नियम कुणी केला आणि तो मोडला तर काय होतं, हे लहान मुलाला सदोदित पडणारे प्रश्न आहेत. घरात विचारले तर ‘उलट बोलू नकोस’ असं उत्तर मिळतं, शाळेत विचारले तर डायरीत शेरा येतो. चाच्यांच्या जहाजावर मात्र ते मोकळेपणाने विचारता येतात. त्या जहाजाने शिड उभारायच्या आधी आपल्याकडून परवाना घ्यावा, हा मोठ्यांचा हट्ट मला मान्य नाही.

पण समोरच्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी कबूल करायला हवं, कारण त्यांनी स्वतः ते धड मांडलंच नाही. चाचेगिरी ही मुळात भयंकर गोष्ट आहे. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. जहाजावर यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांच्यावर झालेले अत्याचार इतके भीषण होते की सुरतेत लोक खवळले आणि इंग्रजांच्या वखारीतल्या माणसांना कोंडून ठेवायची वेळ आली. एव्हरी कधीच सापडला नाही. आणि हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं ‘रुएन’ हे जहाज सोडवलं. सुमारे चाळीस तास कारवाई चालली, सतरा खलाशी सुटले आणि पस्तीस चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले गेले. जगभरच्या व्यापारी जहाजांवर आपली पोरं नोकरी करतात. महिनोन्महिने ओलीस राहून आलेल्या खलाशाच्या आईला ‘चाचे’ या शब्दात कसली आलीय गंमत? हे विसरून ‘मज्जा असते’ म्हणणारा माणूस मला पटत नाही.

फक्त प्रश्न असा की गच्चीवरच्या चादरीवर जो चाचा आला होता, तो या खऱ्या चाच्यांचा कोण? खांद्यावरचा पोपट, तुटका पाय, फुली मारलेला नकाशा, वाळूत पुरलेली पेटी, हा सगळा सरंजाम समुद्रावरून फारसा आलेलाच नाही. खरे चाचे लूट पुरून ठेवत बसत नसत, वाटून घेत आणि पहिल्या बंदरात उडवून मोकळे होत. मुलांच्या चाच्याचा जन्म बराचसा एका पावसाळी सुट्टीतला. १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पाऊस हटेना, म्हणून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या शाळकरी सावत्र मुलासोबत रंग घेऊन बसला आणि दोघांच्या त्या खेळात एका बेटाचा नकाशा तयार झाला. नकाशा आधी, गोष्ट मागून. तिचंच पुढे १८८३ साली ‘ट्रेझर आयलंड’ हे पुस्तक झालं. म्हणजे हा चाचा इतिहासातून पळून आलेला गुन्हेगार नव्हे, कंटाळलेल्या पोराच्या रंगपेटीतून निघालेलं सोंग आहे.

सोंग म्हटल्यावर नाशिककराला बोहाडा आठवायला हवा. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या पाड्यांवर रात्र रात्र लाकडी मुखवटे नाचतात. देव नाचतात तसे राक्षसही नाचतात, आणि संबळाच्या तालावर राक्षस अंगावर आला की पुढच्या रांगेतली पोरं किंचाळून मागे पळतात आणि लगेच पुन्हा पुढे येऊन बसतात. त्यातलं एकही पोर सकाळी उठून राक्षस झाल्याचं ऐकिवात नाही. मुखवट्यामागे गावातलाच काका आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी घाबरायचं असतं. ही दुहेरी जाणीव मुलांना उपजत असते. आपल्यालाच वय झाल्यावर ती सोडून जाते. ‘पीटर पॅन’ हे नाटक १९०४ साली लंडनमध्ये पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा मुलांचे वडील आणि चाच्यांचा कप्तान या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या होत्या. पुढे तो पायंडाच पडला. यातली मेख मुलांना बरोबर कळत असणार. मोठा आवाज, घड्याळाची धास्ती, सारखी हुकमत. चाच्यांच्या कप्तानात मुलाला दरोडेखोर दिसत नाही, बाबा दिसतात. ग्रुपवर सगळ्यात जास्त चिडलेले आम्ही आजोबा आणि बाबा मंडळी होतो, हा योगायोग नसावा.

त्या आइस्क्रीमच्या लुटीनंतर काय झालं ते ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. मी पार्किंगमध्ये बाकड्यावर बसलो होतो, म्हणून पाहिलं. सात-आठ पोरांनी फ्रिजच्या रिकाम्या खोक्याचं जहाज केलं होतं. वॉचमनकाकांची काठी ही डोलकाठी. खजिना म्हणजे चिवड्याची अर्धी पिशवी आणि सोनेरी कागदातली चार चॉकलेटं. जेमतेम पाच मिनिटं लढाई झाली असेल, पुढचा पाऊण तास वाटणीत गेला. कप्तानाला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक. मग माझ्या नातवाने हरकत घेतली की जहाजाचं खोकं त्याने आणलंय, सबब दीड वाटा. सगळ्यात धाकट्याला लढाईत खरचटलं होतं, त्याला भरपाई म्हणून एक चॉकलेट जादा. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे मोजायचे की नाही यावर मतदान झालं. ज्या मुलांना घरी ‘शेअर करायला शिक’ म्हणून आपण रोज घासतो, ती मुलं चाचे झाल्यावर आपणहून कायदा करत बसली होती.

आणि गंमत म्हणजे खरे चाचेही हेच करत. अठराव्या शतकातल्या बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरची लेखी कलमं प्रसिद्ध आहेत. प्रत्येकाला मत, कप्तानाला दोन वाटे, अवयव गमावला तर ठरलेली भरपाई, पैसे लावून पत्ते-फासे बंद, आणि रात्री आठ वाजता दिवे मालवायचे. आमच्या सोसायटीतली किती मुलं आठला झोपतात? चाचे साधुसंत होते असं मला म्हणायचं नाही, एव्हरीची हकिकत वर सांगितलीच. पण कायदा मोडून निघालेली टोळीसुद्धा कायद्यावाचून चार दिवस टिकत नाही, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा त्या खोक्यातल्या पोरांना अधिक नीट समजलं असावं. आइस्क्रीमचं म्हणाल, तर ते मूल चुकलं. त्याला तसं सांगावं, शेजाऱ्यांना भरून द्यावं आणि विषय संपवावा. त्यासाठी चादर गुंडाळायची काय गरज?

आता ‘परकं’ या मुद्द्याकडे. हा आक्षेप मुंबईत किंवा पुण्यात कुणी घेतला असता तर मी ऐकून सोडून दिला असता. नाशिकमध्ये तो घेतला जावा याचं मात्र नवल वाटतं. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या एका थिएटरात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि पुढे नाशिकच्या कंपनीत एकामागून एक चित्रपट निघाले. त्या दिवशी थिएटरच्या दारात कुणी संस्कृतिरक्षक उभा राहून म्हणाला असता, ‘फाळके, हे परक्यांचं आहे, आत जाऊ नका’, तर? परक्या गोष्टीने मूल परकं होत नाही. ते तिच्यात आपली माणसं भरतं. कुणाच्या पडद्यावर काय चाललंय आणि बघणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, या दोन गोष्टी वेगळ्या असतात याचा याहून मोठा पुरावा कुठून आणायचा? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक बांधून आपण तिथे सहली नेतो, आणि घरी येऊन परकं-आपलं करतो.

त्याच फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’. दुसऱ्यात त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. दोन्ही मुलांसकट अख्ख्या घराने पाहावेत असे चित्रपट. एकात आख्खं शहर पेटवून दिलंय. आणि कृष्णाच्या ज्या लीला आपण आजही कौतुकाने सांगतो, त्यांत शिंक्यावरचं लोणी पळवणं आहे, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना वाटेत अडवून दही-दूध वसूल करणं आहे. आपल्या लोकरंगभूमीवरची सगळी गवळण या एका वाटमारीवर उभी आहे. दहीहंडीला आपण त्या चोरीचीच नक्कल करायला पोरांचे थर लावतो. देवाच्या लीलेची चाच्याशी बरोबरी करतोय म्हणून कुणी रागावू नये. मी बरोबरी करतोय ती पाहणाऱ्या मुलाची. लोणी चोरणारा कृष्ण पाहून पाच वर्षांचं मूल जे हसतं, तेच हसू त्या दिवशी गच्चीवर होतं. लहानग्याने मोठ्यांना चकवलं, याचा तो आनंद.

‘पण वाल्याचा वाल्मीकी होतो, चाच्याचं काय?’ असं एका काकांनी विचारलं. मुद्दा चांगला आहे. वाल्या कोळ्याची गोष्ट मलाही प्रिय आहे, ते खड्यांनी भरलेले रांजण आणि घरच्यांनी पापात वाटा घ्यायला दिलेला नकार. पण सगळ्याच गोष्टी पश्चात्तापाला येऊन थांबायला लागल्या तर मुलांना शेवट आधीच कळतो, आणि शेवट कळलेली गोष्ट ती फक्त आपल्या समाधानासाठी ऐकतात. गोष्टींच्या घरात वाल्याची खोली असावी, तशी पळून गेलेल्या जहाजाचीही असावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप कान्होजींचा. तो ज्यांनी घेतला त्यांच्या भावनेशी माझं भांडण नाही. मराठ्यांच्या या सरखेलाने, म्हणजे आरमारप्रमुखाने, अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कोकणचा किनारा असा राखला की इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून १७२१ साली कुलाब्यावर चालून आले तरी हात हलवत परत गेले. मुंबईचा गव्हर्नर बून याने त्याआधी विजयदुर्ग आणि खांदेरीवर नशीब आजमावून पाहिलं होतं, तिथेही तीच गत. आंग्र्यांची गलबतं हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांचं थोरलं जहाज जागच्या जागी खिळायचं, त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, आणि ही गलबतं वल्ही मारत नेमकी पिछाडीला येऊन उभी राहायची. हे पडद्यावर यावं असं कुणाला वाटणार नाही? मुलांसाठी असा एक धडाकेबाज मराठी सिनेमा आजवर गाजू नये ही आपली नामुष्की आहे, आणि ती ग्रुपवर मेसेज टाकून भरून निघणार नाही.

पण याच कान्होजींना इंग्रज काय म्हणत? चाचा. त्यांच्या कागदोपत्री ‘आंग्रिया’ हा शब्द पायरेटच्या जोडीनेच येतो. कारण काय, तर कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, नाहीतर जहाज पकडलं जाईल, असा त्यांचा नियम होता. आता हीच गोष्ट पोर्तुगीज दोनशे वर्षं करत आले होते. त्यांच्या दस्तकाला ‘कार्ताझ’ म्हणत, आणि मक्केला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजांनाही ते घ्यावं लागे. त्यांना मात्र सहसा कुणी चाचे म्हणत नाही. फ्रान्सिस ड्रेकने स्पेनची जहाजं आणि बंदरं लुटली, स्पेनच्या लेखी तो चाचा, पण १५८१ साली इंग्लंडच्या राणीने त्याला त्याच्याच जहाजावर सरदारकी दिली. विल्यम किड तर चाचे पकडायचा राजाचा परवाना घेऊन निघाला आणि १७०१ साली चाचा म्हणूनच लंडनमध्ये फासावर गेला. लुटारू कोण आणि सरखेल कोण, हे बऱ्याचदा हातातल्या कागदावर आणि तो कागद कोण वाचतंय यावर ठरत आलं आहे. सुरतेहून खजिना घेऊन निघालेल्या महाराजांची वाट मुघल फौजेने १६७० साली अडवली, ती लढाई आपल्या वणी-दिंडोरीच्या मुलखात झाली. त्यांनाही इंग्रज कागदांत लुटारूच म्हटलंय. चौथीतल्या मुलाला हे सगळं शिकवताना आपण गृहीत धरतो की त्याला संदर्भ कळतो, सुरतेची लूट कशासाठी होती हे कळतं. आणि तेच मूल संध्याकाळी गच्चीवर आलं की त्याची अक्कल खाली पार्किंगमध्येच राहिली, असं आपल्याला कसं वाटतं?

माझी खरी भीती वेगळीच आहे. ‘चाच्यांऐवजी कान्होजी’ असं म्हटलं की कान्होजी औषधासारखे होतात. गोड बंद, आता हे घे. मुलांनी मग त्यांच्याकडे नाक दाबूनच यायचं का? पिछाडीला येऊन उभं राहणारं ते गलबत चाच्याच्या सिनेमाइतकंच खट्याळ आहे, आणि त्यातला खट्याळपणा काढून उरलेला धडा मुलांच्या गळ्यात मारला तर ती पुन्हा समुद्राकडे फिरकणार नाहीत. ज्या मुलाने आधी डोलकाठी, सुकाणू, शिडं, तोफांची कूस पडद्यावर पाहिली आहेत, त्याला खांदेरीची लढाई सांगून बघा. सिनेमानंतर चार दिवसांनी मी नातवाला ती सांगितली. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘मग आपली जहाजं कुठे गेली?’ आता आली पंचाईत. कारण उत्तर असं की १७५६ साली कान्होजींच्या मुलाचं, तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांनी जाळलं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. हे सांगायला जड गेलं, पण चाच्यांच्या सिनेमाने दार उघडलं नसतं तर हा प्रश्न आलाच नसता.

तात्यासाहेब शिरवाडकर याच गावात राहिले, गावाला समुद्र नसताना. त्यांचं ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आमच्या पिढीने शाळेत छाती फुगवून म्हटलं. गुरुजींच्या अंगावरही शहारा यायचा. १९४२ सालच्या ‘विशाखा’तली कविता, देश पारतंत्र्यात, आणि दर्याला आव्हान देणारा नायक कोण, तर ज्याच्या जहाजांमागून एका खंडाची गुलामगिरी गेली तो कोलंबस. ती म्हणून आमच्यातला कुणी दुसऱ्याचा देश बळकवायला निघाला का? कवितेतला कोलंबस हा तो कोलंबस नव्हताच. वादळात सुकाणू न सोडणारा माणूस एवढंच आम्ही त्यातून घेतलं. खऱ्या कोलंबसाने कॅरिबियन बेटांवरच्या माणसांचं काय केलं ते पुढे मोठेपणी वाचलं, तेव्हा धक्काही बसला. पण कविता खोटी वाटली नाही. दोन्ही डोक्यात राहिलं, शेजारी शेजारी.

इथेच मला तो आक्षेप घ्यायचाय, जो दीडशे माणसांच्या ग्रुपवर एकालाही सुचला नाही. अशा अनेक सिनेमांतल्या बेटांवर राहणारी माणसं कशी असतात? काळी-सावळी, अंगभर रंग फासलेली, समजत नाही अशी भाषा बडबडणारी, एकतर भाले घेऊन धावणारी नाहीतर गोऱ्या मुलांना देव मानणारी. आमच्या गच्चीवरच्या सिनेमातही तीन-चार मिनिटं हे होतं आणि सगळे हसले. आमच्या धुण्याभांड्याच्या ताई पेठ या आदिवासी तालुक्यातून येतात. त्यांची मुलगी शेवटच्या सतरंजीवर बसली होती. ती हसली की नाही मी पाहिलं नाही, पाहायला हवं होतं. आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्या. सिनेमा तिथे थांबवा, विचारा पोरांना, ‘या बेटावर आधीपासून कोण राहत होतं? खजिना मग कुणाचा?’ त्यासाठी सिनेमा बंद करून चालत नाही, लावावा लागतो. आणि मोठ्यांपैकी कुणीतरी मोबाइल खिशात ठेवून शेजारी बसावं लागतं, बहुधा तीच खरी अडचण आहे. लहानग्यांच्या भीतीचं म्हणाल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात आता सात, तेरा, सोळा असे वयाचे टप्पे आले आहेत, ते पाहून लावावा. सांगाड्यांची फौज बघून चार वर्षांचं मूल रात्री दचकलं तर त्यात संस्कृतीचा प्रश्न नसतो, वयाचा असतो.

बाकी या सगळ्या प्रकरणात चाचेगिरी झालीच नाही असं नाही. मी सहज चौकशी केली की सिनेमा आणला कुठून. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये होता. त्याने तो कुठून तरी उतरवून घेतला होता, खालच्या कोपऱ्यात कसल्याशा वेबसाइटचं नाव चमकत होतं. असा चोरून मिळवलेला सिनेमा चारचौघांत दाखवणं गुन्हा आहे, सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीत चोरट्या प्रतींसाठी तुरुंगवासाची तरतूदही आली. मुलांसमोर आदर्श काय ठेवायचा यावर दिवसभर लिहिणाऱ्यांपैकी एकालाही, मीही त्यात आलो, आदल्या रात्री ते चमकणारं नाव खटकलं नव्हतं. पोरांनी निदान आपण चाचे असल्याचं तोंडावर सांगितलं होतं.

एक शेवटचा सूर राहिला. ‘आपल्या नाशिकच्या मुलांचा समुद्राशी संबंध काय?’ घाटावरचं गाव, समुद्र पाहायचा तर कसारा उतरावा लागतो, हे खरं. पण पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उभं राहून पाहा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपली दानं कोरून ठेवली आहेत, त्यांत डहाणू, दमण, पारडीकडच्या नद्यांवर फुकट नावा चालवल्याची नोंद आहे. त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडे किनाऱ्यावर चाचे असल्याचा इशारा आहे. आणि खजिना म्हणाल तर तो १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला सापडला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर स्वतःचा ठसा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याची खूण वर. आता यात लुटलं कुणी, परत मिळवलं कुणी, हे त्या दोन राजांना वेगवेगळं विचारावं लागेल.

नातवाला हे सगळं दाखवावं म्हणून त्याला आधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, घेऊन गेलो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर त्याच्याच वयाची तीन मुलं सुतळीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत होती. भाविकांनी टाकलेली नाणी त्याला चिकटून वर येतात. नातू तासभर हलला नाही. त्यांच्यातल्या एकाने त्याला धंद्यातलं गुपित सांगितलं: पाचचं पिवळं नाणं चुंबकाला लागत नाही, त्याला बुडी मारावी लागते. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणी त्यांना हाकललं, कुणी फोटो काढला. एका आजींनी मुद्दाम त्यांच्या चुंबकाजवळच नाणं टाकलं.

घरी आल्यावर त्याने वहीच्या मधल्या दोन पानांवर नकाशा काढला. मधोमध निळी जाड रेघ, एका काठाला दात विचकणारा पहारेकरी. तो कोण म्हणून विचारलं, तर दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून आम्ही पुराचं पाणी मोजतो. त्याच्या पायाशी लाल फुली. म्हटलं, ‘अरे, पण इथे जहाज येणार कसं? नदीला पाणी तरी आहे का एवढं?’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी या गावचा नव्हेच.

‘आजोबा, पूर येऊ दे ना. मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की आम्ही निघणार.’